कट्ट्यावरचं चिलट: गोरेगावच्या एका संकुलातल्या चावणाऱ्या किड्याचा माग

गोरेगाव पूर्वेला, आरेच्या झाडीला पाठ लावून उभं असलेलं आठ विंगचं संकुल. मधोमध बाग, बागेत रेन ट्रीखाली सिमेंटचा गोल कट्टा, त्याच्या पलीकडे मुलांचा वाळूचा हौद. सप्टेंबर संपत आला आणि कमिटीकडे एकच तक्रार पुन्हा पुन्हा यायला लागली: संध्याकाळी कट्ट्यावर बसवत नाही. काहीतरी चावतं आणि चावणारा दिसत नाही. हातांवर, मानेवर, घोट्यांवर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके उठतात. लगेच झोंबतात आणि मग चार-चार दिवस खाजतात.

कमिटीने सगळ्या कमिट्या करतात तेच केलं. धुराची फवारणी मागवली. दोन आठवड्यांत तीनदा धूर झाला, तिन्ही वेळा सकाळी अकराच्या सुमाराला, कारण कंत्राटदाराला ती वेळ सोयीची होती. फरक पडला नाही. मग औषध ‘स्ट्राँग’ करा अशी मागणी सुरू झाली. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर बाथरूमच्या टाइल्सवर बसलेल्या केसाळ माशीचा फोटो फिरला, खाली ‘हीच ती’ असा शेरा होता. कोणी डेंग्यूच्या भीतीने घरातल्या सगळ्यांचं रक्त तपासून आणलं, कोणी गाद्या फेकल्या.

चावणारा किडा कोणता, हे तोवर कोणीच पाहिलं नव्हतं.

आधी वही, मग औषध

चाव्यावरून किडा ओळखता येतो हा समज सोडलेला बरा. एकाच किड्याच्या चाव्याने एकाच्या हातावर तीळभर ठिपका येतो, तर दुसऱ्याच्या हातावर सुपारीएवढी गाठ. लहान मुलांत आणि परिसरात नव्या आलेल्या माणसांत सूज जास्त दिसते. उपयोगी पडतं ते वेळ, जागा आणि अंगाचा भाग. म्हणून वॉचमनच्या टेबलावर एक वही ठेवली आणि सात दिवस पाच गोष्टी लिहून घेतल्या: किती वाजता, नेमकं कुठे, शरीराच्या कोणत्या भागावर, बसलेले होतात की चालत होतात, आणि चावताना झोंबलं की नंतर खाज सुटली. शेवटचा प्रश्न लोकांना फालतू वाटतो, पण बरीचशी निवड त्यावरच होते.

आठवड्याच्या शेवटी वहीत एक नाही, तीन वेगळी प्रकरणं निघाली.

पहिलं आणि सर्वांत मोठं प्रकरण कट्टा आणि वाळूच्या हौदाभोवतीचं. वेळ संध्याकाळी सहा ते सव्वासात, म्हणजे सूर्यास्ताच्या आगेमागे. बसलेल्यांनाच जास्त चावे, चालणाऱ्यांना जवळजवळ नाहीत. चावतानाच ठिणगी पडल्यासारखं झोंबतं.

दुसरं पार्किंगच्या मागच्या बांबूच्या बेटाजवळचं. सकाळी आठ ते दहा आणि दुपारी चारनंतर, पोटऱ्यांवर. इथे मात्र चावणारा दिसत होता: काळा-पांढरा पट्टेरी डास, छातीवर मधोमध एकच पांढरी रेघ. हा एडिस अल्बोपिक्टस, सावलीतला दिवसाचा डास. (वीणेसारखी नक्षी असलेला एडिस इजिप्ती तो वेगळा, तो घरात जास्त रमतो.) बेटातल्या कापलेल्या बांबूंच्या पेरांत पाणी साठलेलं होतं आणि कोणीतरी मागे टाकलेली शहाळीही होती. पेरं वाळूने बुजवली, शहाळी उचलली, कुंड्यांखालच्या ताटल्यांना आठवड्यातून एक कोरडा दिवस लावला. ताटल्या नुसत्या ओतून चालत नाही, आतून घासाव्या लागतात, कारण एडिसची अंडी कडेला चिकटतात आणि कोरडी पडली तरी महिनोन् महिने तग धरतात. या डासाने डेंग्यू पसरू शकतो, म्हणून वही संपायची वाट न पाहता हे काम पहिल्याच दिवशी उरकलं.

तिसरं प्रकरण सहाव्या मजल्यावरच्या एकाच घराचं. रात्री झोपेत, कमरेवर आणि छातीवर, कपड्यांच्या आत. बागेशी याचा काही संबंध नव्हता. बेडरूमच्या एसीच्या बाहेरच्या युनिटखाली कबुतराचं घरटं होतं आणि पिल्लं नुकतीच उडून गेली होती. पक्षी उडून गेले की त्यांच्या अंगावरच्या गोचिडासारख्या बारीक किडी, ज्यांना माइट म्हणतात, त्या खिडकीच्या फटीतून आत येतात. आकार अर्ध्या ते एक मिलिमीटरचा, पंख नाहीत, रक्त प्यालेल्या लालसर. घरटं काढताना आधी पाणी शिंपडून धूळ बसवायची, तोंडाला मास्क लावायचा, सगळं पिशवीत बांधून टाकायचं आणि युनिटला जाळी लावायची. त्या घरातल्या फेकून दिलेल्या गादीचा काहीच दोष नव्हता.

ही दोन प्रकरणं बाजूला काढल्यावर कट्ट्याचं कोडं एकटं उरलं.

पकडणं

एवढा बारीक किडा चापट मारून पकडला तर त्याचा डाग उरतो. डागावरून ओळख पटत नाही. इथे दोन साध्या रीती वापरल्या. पहिली: ओएचपीचा पारदर्शक कागद, ए-फोर आकाराचा, दोन्ही बाजूंना एरंडेलाचा पातळ हात. असे आठ कागद दोरीवर जमिनीपासून एक ते दोन फुटांवर लावले: कट्ट्याच्या कडेला, हौदाशी, कंपोस्टच्या खड्ड्यांजवळ, पंप रूमच्या भिंतीच्या भेगांपाशी, आरेकडच्या भिंतीवर आणि एक मुद्दाम मोकळ्या उन्हातल्या लॉनवर, तुलनेसाठी. संध्याकाळी पाचला लावायचे, सकाळी सातला काढायचे. तेल जाड लावलं तर ते ओघळतं आणि किड्याचे पंख त्यात गुंडाळले जातात, म्हणून बोटाने पसरून कागद नुसता चकचकीत दिसेल एवढंच. किडा कागदावरून काढताना चिमटा नको. स्पिरिटमध्ये बुडवलेला बारीक रंगाचा ब्रश घ्यायचा आणि किडा ७० टक्के अल्कोहोलच्या छोट्या बाटलीत सोडायचा. सेलो टेपवर चिकटवलेले नमुने ओळखायला निरुपयोगी, कारण पंखांवरचे खवले आणि केस टेपला राहतात.

दुसरी रीत: संध्याकाळी सव्वासहाला बाही दुमडून कट्ट्यावर दहा मिनिटं बसायचं, झोंबलं की हात न झटकता तिथे स्पिरिटचं ओलं बोट टेकवायचं. चावणारा किडा बोटाला चिकटून येतो. कागदावर सापडलेला किडा ‘इथे आहे’ एवढंच सांगतो. ‘हाच चावला’ हे फक्त बोटावरचा सांगतो. कागदांवर चार-पाच जातींची चिलटं आली होती आणि त्यातली बहुतेक निरपराध होती.

भिंगाखाली

दहापट मोठं दाखवणारं सोनाराचं भिंग आणि मोबाइलला लावायची मॅक्रो लेन्स, एवढ्यावर कुळापर्यंतची ओळख पटते.

बाथरूममधली माशी दोन ते चार मिलिमीटरची, अंगभर लव, पंख बदामाच्या आकाराचे आणि छपरासारखे उतरते. ही नहाणीच्या ट्रॅपमधल्या बुळबुळीत थरात वाढते आणि अजिबात चावत नाही. खात्री हवी तर रात्री नहाणीच्या जाळीवर पारदर्शक टेप उलटी, अर्धी जाळी उघडी राहील अशी लावायची. सकाळी टेपला माशा चिकटल्या तर उगम तिथेच. उकळतं पाणी ओतून हा थर जात नाही, तो ब्रशने खरवडावा लागतो. ग्रुपवरचा फोटो हिचा होता.

ट्यूबलाइटभोवती ढगासारखी फिरणारी, डासासारखी दिसणारी हिरवट चिलटं म्हणजे कायरोनोमिड. बसताना पुढचे दोन पाय वर उचलून धरतात, तोंडाला सोंड नसते. सांडपाणी प्रक्रिया टाकीच्या बाजूला हीच जास्त होती. दिव्याखाली माणसाला वैताग देतात, पण चावत नाहीत.

वाळूमाशी या दोन्हींहून महत्त्वाची, म्हणून तिच्याकडे बारकाईने पाहावं लागतं. आकार दोन ते तीन मिलिमीटर, रंग फिकट पिवळसर-तपकिरी, पाठीला कुबड, आणि बसली की पंख इंग्रजी ‘व्ही’सारखे वर उभे. सरळ उडत नाही, भिंतीवर टुणटुण उड्या मारते. चावते रात्री, दिवसा भिंतीच्या भेगांत आणि गोठ्यांत दडते. वाढते पाण्यात नाही, ओलसर सेंद्रिय मातीत. बिहार, झारखंड, पश्चिम बंगालात काळा आजार पसरवणारी ती हिचीच जात. आपल्याकडे हिचं नाव चांदिपुरा विषाणूशी जोडलेलं आहे. हा विषाणू १९६५ साली नागपूरजवळच्या चांदिपुरा गावात सापडला, पुण्याच्या तेव्हाच्या विषाणू संशोधन केंद्राने तो वेगळा केला. २००३ मध्ये आंध्र आणि महाराष्ट्रात, २०२४ मध्ये गुजरातेत त्याने मुलं दगावली. मुलाला अचानक सणसणून ताप, उलट्या, झटके किंवा गुंगी आली तर किडा शोधत बसायचं नाही, तासाभरात रुग्णालय गाठायचं.

पंप रूमच्या भेगांवरच्या कागदावर वाळूमाश्या आल्या, दोनच. अशा वेळी भिंगावर भागत नाही. जात ठरते घशाच्या आतल्या रचनेवरून, आणि ती सूक्ष्मदर्शकाखालीच दिसते. नमुने कीटकशास्त्राच्या प्रयोगशाळेत गेले. उत्तर आलं सर्जेन्टोमाया. या गटातल्या माश्या बहुतांशी पाली-सरड्यांचं रक्त पितात. भेगा सिमेंटने बुजवल्या आणि तो विषय तिथेच थांबला.

आता बोटावरचा किडा. दीड मिलिमीटर, राखी-काळा, मोहरीचा दाणा फुटावा तसा. पंख पाठीवर सपाट, एकावर एक, मिटलेल्या कात्रीसारखे. भिंग त्यावर नेलं की गोष्ट उलगडते: पंख पारदर्शक नाहीत, करड्या पंखावर फिकट ठिपक्यांची नक्षी आहे, चितळाच्या अंगावर असावी तशी, आणि वरच्या कडेला दोन गडद डाग. सोंड आखूड, डोक्याखाली दुमडलेली. पोट रक्ताने तांबूस. हा क्युलिकॉइडिस, आपल्या बोलीतलं खरं ‘चिलट’. गावाकडे संध्याकाळी गोठ्यात कडुनिंबाचा धूर करतात तो बऱ्याच अंशी याच्यासाठी. माळीकाकांना पंखांचा फोटो दाखवला तेव्हा ते म्हणाले, “साहेब, हे तर गोठ्यातलं चिलट. इथं म्हैस कुठे आहे?”

प्रश्न अगदी बरोबर होता.

चावते ती फक्त मादी. डासासारखी सुई खुपसत नाही. जबड्याच्या बारीक दातांनी कातडी कापते आणि जमलेलं रक्त पिते, म्हणून चाव्याची जाणीव तत्काळ होते. भारतात हिच्यामुळे मेंढ्यांना नीलजिव्हा रोग होतो, मेंढपाळांचं मोठं नुकसान होतं. डेंग्यू किंवा मलेरिया ही पसरवत नाही. रक्त तपासून आणलेल्यांना हे आधी सांगितलं असतं तर पैसे वाचले असते.

म्हैस नाही, पण शेण आहे

क्युलिकॉइडिस कमजोर उडते. वारा ताशी दहा किलोमीटरच्या वर गेला की उडणंच बंद. जुलै-ऑगस्टमध्ये नैर्ऋत्येचा वारा असतो, तेव्हा कट्टा शांत होता. सप्टेंबरच्या शेवटी वारा पडला, माती मात्र ओलीच राहिली, आणि चावे सुरू झाले. एरवी ही उगमापासून काहीशे मीटरच्या आतच घुटमळते. ‘आरेतून येतात’ हे म्हणूनच पटत नव्हतं: १९४९ साली वसलेल्या त्या दूध वसाहतीतले सगळ्यांत जवळचे तबेले इथून बरेच लांब, आणि आरेकडच्या भिंतीवर लावलेल्या कागदांपेक्षा कट्ट्याजवळच्या कागदांवर किडे जास्त.

तीन जागांवर संशय होता. कट्ट्यामागचे फुलझाडांचे वाफे, ज्यांत जूनच्या सुरुवातीला तबेल्यातून टेम्पोभर शेणखत आणून टाकलं होतं. कंपोस्टचे खड्डे. आणि बी विंगच्या भिंतीलगतची पट्टी, जिथे एसीच्या पाइपांतून दिवसभर पाणी ठिबकत होतं.

तपासणी दोन प्रकारे केली. प्रत्येक जागेवर तळाला भोक पाडलेला काळा प्लास्टिकचा टब उलटा ठेवला, कडा मातीत दोन इंच रोवल्या, वरच्या भोकात पारदर्शक बाटली उलटी बसवली. मातीतून बाहेर पडणारा किडा उजेडाकडे चढतो आणि बाटलीत अडकतो. दहा दिवस हलवायचं नाही. कडेला फट राहिली तर बाहेरचे किडे आत येऊन निकाल बिघडवतात.

दुसरी तपासणी लगेच उत्तर देते. वरच्या दोन इंचांतली ओंजळभर माती घ्यायची, एक लिटर पाण्यात ४०० ग्रॅम एप्सम सॉल्ट विरघळवून त्यात ढवळायची. दहा मिनिटांत गाळ खाली बसतो आणि अळ्या वर तरंगतात. क्युलिकॉइडिसची अळी पांढुरकी, दोऱ्यासारखी, पाय नसलेली, पाण्यात वाम माशासारखी सळसळत पोहणारी. गांडुळाचं पिल्लू आकसतं आणि लांबतं, माशीची अळी वळवळते. हिची सळसळ एकदा पाहिली की दुसऱ्या कशाशी घोटाळा होत नाही.

अळ्या सापडल्या वाफ्यांत आणि कंपोस्टच्या खड्ड्यांच्या कडेला. एसीखालच्या नुसत्या चिखलात नव्हत्या, त्यात शेण-पाला काहीच नव्हता. पण त्याच पट्टीचं पाणी उतरून मागच्या वाफ्यांत मुरत होतं. शेणखत कच्चं आलं होतं, पावसाने भिजलं, ऑक्टोबरच्या उन्हात वाळायला हवं होतं, तर रेन ट्रीच्या सावलीत आणि एसीच्या ठिबक सिंचनावर ते ओलंच राहिलं. आतला ओलावा, सावली, कुजणारं शेण आणि दहा पावलांवर संध्याकाळी निवांत बसलेली माणसं.

खड्ड्यांची बात थोडी खटकणारी आहे. २०१७ मध्ये मुंबई महापालिकेने २०,००० चौरस मीटरहून मोठ्या किंवा रोज १०० किलोहून जास्त कचरा करणाऱ्या संकुलांना ओला कचरा आवारातच जिरवायला सांगितलं. या संकुलाने ते प्रामाणिकपणे केलं. फक्त खड्ड्यात ओला कचरा जास्त आणि कोरडा पाला कमी पडत होता, त्यामुळे तळातून काळा पाझर कडेला झिरपत होता. आतलं कंपोस्ट ५५ अंशांवर तापलेलं, तिथे अळी जगत नाही. कडेची दोन-तीन इंचांची गार, ओली पट्टी मात्र तिला हवी तशी.

काय केलं, काय चुकलं

धूर का चालला नाही, हे एवढ्यावरून उघड आहे. धूर उडत्या किड्याला लागला तरच मारतो, आणि तोही काही मिनिटंच हवेत राहतो. सकाळी अकराला क्युलिकॉइडिस पानांच्या खाली बसलेली असते. मातीतल्या अळीपर्यंत धूर पोहोचत नाही, तिच्यातून रोज नवे किडे निघत राहतात. डासांच्या अळ्यांवर पाण्यात टाकतात ते बीटीआय हे जिवाणूंपासून केलेलं औषधही या चिखलात भरवशाचं नाही.

वाफ्यांतलं खत फावड्याने उचललं, गच्चीवर उन्हात दोन इंचांच्या थरात पसरून चार दिवस वाळवलं आणि पोत्यांत भरलं. वाफ्यांवर वाळलेल्या नारळाच्या काथ्याचं आच्छादन घातलं. एसीचे पाइप जोडून पर्जन्यवाहिनीत सोडले. हे सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत लांबलेलं काम, कारण बी विंगमधल्या प्रत्येक घराची परवानगी लागली. खड्ड्यांत प्रत्येक बादली ओल्या कचऱ्यावर तेवढाच सुका पाला किंवा कोकोपीट. ओलावा मुठीने तपासायचा: मूठभर कंपोस्ट घट्ट पिळलं की एक-दोन थेंब यावेत, धार नको. आठवड्यातून एकदा ढीग उलथताना कडेचं मधोमध घालायचं, म्हणजे कडेच्या अळ्या तापलेल्या भागात जातात.

चूक झाली ती पहिल्या आठवड्यात. खड्डे ‘झाकून टाका’ म्हणून कोणीतरी निळी ताडपत्री घातली. ताडपत्रीखाली घाम सुटला, कडा आधीपेक्षा ओल्या झाल्या, आणि पुढच्या आठवड्यात कडेच्या कागदावर किडे वाढले. ताडपत्री काढली, त्याऐवजी सुक्या पाल्याचा चार इंचांचा थर दिला. तो वरून कोरडा राहतो आणि आतला ओलावा शोषतो.

रेन ट्रीच्या खालच्या फांद्या छाटून हवा खेळती करायची होती. मुंबईत १९७५च्या वृक्ष कायद्यामुळे त्यासाठी पालिकेच्या उद्यान विभागाची परवानगी लागते, म्हणून अर्ज केला आणि दरम्यान कट्ट्याभोवतीची मेंदीची कुंपणं कंबरेपर्यंत उतरवली. घरांच्या खिडक्यांना असलेली नेहमीची डासांची जाळी इथे उपयोगाची नाही. तिची भोकं सव्वा मिलिमीटरच्या आसपास असतात, हे चिलट त्यातून निघून येतं. बारीक जाळी लावता येते, पण ती वाराही अडवते, आणि ऑक्टोबरमध्ये मुंबईत वारा अडवणारी जाळी कोण सोसेल? तळमजल्यावरच्या घरांना संध्याकाळी दिवे लागायच्या तासाला पंखा चालू ठेवायला सांगितलं.

अंड्यापासून उडत्या किड्यापर्यंत या उष्णतेत साधारण तीन ते चार आठवडे जातात. म्हणून कामानंतर पाचव्या दिवशी ‘काही फरक नाही’ असं म्हणणाऱ्यांना थांबायला सांगावं लागलं: मातीतून काढायच्या राहिलेल्या अळ्या अजून उडायच्या होत्या. कागद दर सोमवारी, त्याच आठ जागी, त्याच वेळी लावत राहिले. चौथ्या सोमवारी कट्ट्याजवळचे कागद लॉनवरच्या कागदासारखेच रिकामे होते. वाळूच्या हौदामागचा एक मात्र रिकामा झाला नाही. तिथे भिंतीपलीकडे नाला आहे, त्याच्या काठावर पालापाचोळा कुजतो, आणि ती जागा संकुलाची नाही.

त्या बाजूला कट्ट्याच्या खांबावर एक मोठा पेडेस्टल पंखा बसवला, तोंड नाल्याच्या दिशेने, पावसापासून वाचवायला वर पत्र्याची पडवी. संध्याकाळी पावणेसहाला वॉचमन तो चालू करतो, साडेसातला बंद. पुढच्या जूनसाठी माळीकाकांना टेम्पो आत घेण्याआधी खताची मूठ पिळून बघायला सांगितलं आहे: वास शेणाचा आला किंवा हाताला ओल लागली तर टेम्पो परत.